कन्नड घाट ते तोरणमाळ: पिकअप, मामा आणि तिसरा गियर

मेहुण्यांनी संभाजीनगरला एक सेकंडहँड पिकअप घेतली. ती चाळीसगावला आणायची, तिथे शाळेची लोखंडी बाकं भरायची आणि तोरणमाळच्या एका आश्रमशाळेत उतरवून यायचं असा बेत होता. मेहुण्यांचा ड्रायव्हर लग्नाला गावाकडे गेलेला, मला सुट्टी होती, आणि मामा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, त्यांना कुठंही जायला फक्त "मामा चला" एवढंच लागतं. डिसेंबर चालू होता. खान्देशात फिरायचं तर डिसेंबर-जानेवारीच, मे महिन्यात कोणी बोलावलं तर तब्येतीचं कारण सांगा.

गाडीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. अडीच लिटरचं टर्बो डिझेल, पाच गियर, आणि डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, काटाच नाही. मी आपला मोबाइलवर वाचून गेलेलो की या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, २०० न्यूटन मीटर आणि तो १४०० ते २२०० आरपीएमच्या मधे मिळतो, म्हणजे गियर असे बदलायचे की इंजिन त्या पट्ट्यातच राहील. वाचायला सोपं आहे. पण काटाच नसेल तर १४०० झाले हे कळणार कसं? मामांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्या येष्टीत काटा कोणी पाह्यला? गाडी सांगस, तुले आयकता येवाले पाहिजे." आणि खिडकीची काच खाली केली. गाणी बंद. पूर्ण प्रवासात गाणी बंदच राहिली हे आधीच सांगून ठेवतो.

सोमवार : कन्नड घाट

कन्नडपर्यंतचा रस्ता सरळ, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कन्नड सोडलं की पठार संपतं आणि एकदम खाली खान्देश दिसतो, दुपारच्या धुरकट उन्हात पार लांबपर्यंत सपाट. या घाटाला औट्रम घाटही म्हणतात, ज्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मधे खान्देशात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली त्या औट्रमवरून. आजूबाजूचं जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, माकडं कठड्यावर बसलेली असतात, काच वर ठेवा नाहीतर केळी गेली समजा. जड वाहनांना हायकोर्टाच्या आदेशाने २०२३ पासून इथून बंदी आहे, आमच्यासारख्या छोट्या गाड्या जातात, तरी निघायच्या आधी सध्या काय चालू आहे ते विचारून घ्या.

गाडी रिकामी, उतार. मी चौथ्यात होतो. पहिल्या वळणाच्या बऱ्याच आधी मामा म्हणाले तिसरा टाक. म्हटलं मामा गाडी तर नीट चाललीये. ते म्हणाले वळण आल्यावर टाकणार का, तेव्हा एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, एक हात दांड्यावर, मग स्टेअरिंग काय मी धरू? त्यांचा नियम असा की जो घाट ज्या गियरमधे चढावा लागेल तो त्याच गियरमधे उतरायचा. आणि गियर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, उतारावर वेग वाढल्यावर खालचा गियर सहज पडत नाही आणि पडला तर झटका बसतो. मी वाचलेलं इथे कामाला आलं, पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची झडप बंद होते आणि इंजिन गाडीला जोरात धरतं, डिझेलमधे तशी झडप बहुतेक नसतेच, त्यामुळे डिझेल गाडी उतारावर कमी धरते आणि एक गियर अजून खाली यावं लागतं. हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले "म्हणूनच तर."

आमच्या पुढे एक कार होती, तिचे ब्रेकलाइट वरपासून खालपर्यंत पेटलेलेच. चार-पाच वळणांनंतर तिच्या ब्रेकचा जळका वास आमच्या केबिनमधे यायला लागला. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा तर नीट दाबून वेग कमी करायचा आणि सोडून द्यायचा, मधल्या वेळात लायनर थंड होतात. आम्ही तिसऱ्यात, एका ठिकाणी दुसऱ्यात, आणि ब्रेक अगदी मोजके. खाली पोचल्यावर मामांनी उतरून चाकाच्या डिस्कजवळ हात नेला, न लावता, नुसता जवळ, आणि मान हलवली. पास झालो बहुतेक.

संध्याकाळी ताईकडे भरीत. डिसेंबरात खान्देशातल्या कुठल्याही घरात जा, भरीत मिळणारच. हिरवी मोठी वांगी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या, काड्यांवर भाजलेली, मग लाकडी बडजीत हिरवी मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येतच नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, केळीला पण त्याच वर्षी. मेहुणे जेवताना फक्त ॲव्हरेजबद्दल विचारत होते.

मंगळवार : बाकं भरली, गाडी बदलली

सकाळी बाकं भरायला घेतली. लोखंडी सांगाडे आणि वर प्लाय. भरणारी पोरं मागून ढकलत होती, मामांनी थांबवून सगळं पुन्हा लावायला लावलं, जड सांगाडे केबिनला चिकटून खाली, प्लाय वर, आणि मागच्या फाळक्याकडे काहीच जड नाही. मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, चढावर तर जास्तच, आणि मग स्टेअरिंगला पकड राहत नाही. दोर दोनदा आवळला. तासभर गेला, पण पुढे घाटात बाकं इंचभर सरकली नाहीत.

निघालो तर गाडी कालची राहिलीच नव्हती. काल रिकामी असताना पहिला गियर नुसता हलायला, दहाच्या आसपास दुसरा, विशी-पंचविशीत तिसरा, चाळीसला चौथा आणि पंचावन्न-साठला पाचवा, असं सगळं पटापट होत होतं. सपाट रस्त्यावर तर दुसऱ्यातून थेट चौथा टाकला तरी गाडी कुरकुरत नव्हती. आज तेच केलं तर तिसऱ्यात गेल्यावर इंजिन घुर्रर्र करून खाली बसलं, दांडा थरथरायला लागला, आरशात बघितलं तर मागे काळा धूर.

"कसाले रडावस तिले?" मामा.

वजन असलं की प्रत्येक गियर थोडा जास्त ओढून मग बदलायचा, एवढाच मुद्दा. कारण गियर वर टाकला की आरपीएम पडतात, आणि पडून ते टॉर्कच्या पट्ट्याच्या खाली गेले तर टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याला, पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, हवा कमी, डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. त्यात ॲक्सिलरेटर दाबलेला, इंजिन हळू, सिलिंडरमधे दाब प्रचंड, याने बेअरिंगचे हाल होतात. लोकांना वाटतं इंजिन जोरात ओरडलं की खराब होतं, म्हणून लवकर लवकर वरचे गियर टाकतात. डिझेलला उगाच ओरडायला लावण्यात अर्थ नाही हे खरंच, तीन हजारांच्या पुढे नुसता आवाज वाढतो. पण वजन घेऊन घुरघुरत नेणं त्याहून वाईट.

मेहुणबाऱ्याला गिरणा ओलांडली, पुढे कापसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागे एक, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, ओव्हरटेकला जागा नाही. इथे पाचव्या गियरचा घोळ कळला. या असल्या गाड्यांत चौथा गियर डायरेक्ट असतो, इंजिन जितकं फिरतं तितकाच मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, आणि पाचवा त्याच्या पुढचा, नुसता मोकळ्या रस्त्यावर डिझेल वाचवायला. ट्रॉलीच्या मागे चाळीस-पंचेचाळीसला पाचव्यात राहिलं की वेग धरून राहतो, पण ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला तर काहीच होत नाही. मामा म्हणायचे ओव्हरटेकचा विचार मनात आला की आधी चौथा टाक, मग समोर बघ, मग जा. समोर बघून, जागा बघून, मग गियर शोधेपर्यंत जागा संपलेली असते.

धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. काळा रस्सा, भाजलेला कांदा-खोबरं, त्यात जाड तिखट शेव, ती मऊ व्हायच्या आत खायची, भाकरी चुरून. नाक वाहायला लागलं की चव बरोबर आहे असं समजायचं. शेजारच्या बाजेवर एक तरणा पोरगा बसलेला, त्याची पण पिकअप, केळी घेऊन चाललेला. तो छाती ठोकून सांगत होता की उतार आला की मी न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं. कधीकधी तर चावीच बंद करतो म्हणे.

मामा एवढे शांत माणूस, पण भाकरी खाली ठेवली. पुढचा अर्धा तास ढाब्यावर तेच. मुद्दे मी माझ्या भाषेत देतो. न्यूट्रलमधे इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. आणि गियरमधे ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर आताच्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर डिझेल टाकणंच थांबवतात, इंजिनाला चाकं फिरवत असतात. म्हणजे उतारावर गियरमधे खर्च शून्य आणि न्यूट्रलमधे थोडा का होईना खर्च, उलटा हिशोब. शिवाय न्यूट्रलमधे सगळं वजन ब्रेकवर. आणि चावी बंद केली तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप थांबतो, दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगड होतं, पॉवर स्टेअरिंग पण जड होतं, आणि चावी जास्त मागे गेली तर स्टेअरिंग लॉक. पोरगा म्हणाला पण काका आमच्या शेठच्या जुन्या गाडीत फरक पडायचा. त्यावर मामा गप्प झाले, कारण जुन्या गाड्यांचा हिशोब त्यांनाही छातीठोक सांगता येईना. पण चावी बंद करणार नाही एवढं त्या पोराकडून कबूल करून घेतलं, आणि त्याच्या घडातली दोन केळीही.

रात्री धुळ्यात मामांच्या जुन्या डेपोतल्या मित्राकडे मुक्काम. त्या दोघांचं रात्री साडेबारापर्यंत कुठल्या बसचा दुसरा गियर कसा अडायचा यावर चाललेलं. मी झोपलो.

बुधवार : सोनगीर, दोंडाईचा, सारंगखेड्याची जत्रा

सकाळी सोनगीरला चहाला थांबलो, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, रस्त्यावरून वर किल्ला दिसतो. मामींसाठी एक पितळी डबा घेतला, मामांनी भाव करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात दोंडाईचा आलं असतं.

दोंडाईचानंतर तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. आमच्या सुदैवाने दत्तजयंतीची जत्रा भरलेली. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि बाहेर घोडेबाजार, मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, राजस्थान-गुजरात-युपीहून आलेले व्यापारी, कपड्याखाली हात घालून बोटांनी ठरवलेले भाव. मला घोड्यातलं काही कळत नाही तरी दोन तास कसे गेले कळलं नाही. एक जण घोड्याला नुसती चाल दाखवत फिरवत होता, वर बसलेल्या माणसाच्या हातात भरलेला पेला, आणि सांडत नव्हता. गर्दी बघत होती आणि मालक आकडा वाढवत होता.

पण मामांचं लक्ष घोड्यांपेक्षा त्यांना आणणाऱ्या गाड्यांकडे. एक गुजरातकडचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, त्याच्या पिकअपमधे मागे वाळू आणि गवत टाकलेलं, बाजूला गोण्या बांधलेल्या. मामा गेले की लगेच दोस्ती. तो मोडक्या हिंदी-मराठीत सांगत होता की घोडा उभ्याने प्रवास करतो, बाकीचा माल बांधता येतो, घोडा स्वतःच्या पायांवर तोल धरून असतो. त्यामुळे याचे गियर बदलणं वेगळंच. क्लच सोडताना एकदम नाही, आरपीएम जुळेपर्यंत पाय हळू. ब्रेक तर शेवटचा उपाय, वळण दिसलं की लांबूनच एक गियर खाली आणि ॲक्सिलरेटर सोडत जायचं, म्हणजे वेग हळूहळू उतरतो आणि घोड्याला पाय सरकवायला वेळ मिळतो. तो म्हणाला झटका बसला की घोडा लाथ मारून सांगतो, मालकाला सांगायची गरज नाही. त्याच्या गाडीचा मागचा पत्रा आतून बाहेर फुगलेला दाखवला. नव्या ड्रायव्हरचं काम म्हणे.

पुढे शहाद्यापर्यंत मी तसं चालवायचा प्रयत्न केला, बाकांना कोण विचारतंय पण सवय म्हणून. खरंच फरक पडतो. मामा डुलकी काढत होते आणि जागे झाले नाहीत.

शहाद्याला मुक्काम. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, अंधारात त्यांना मागे रिफ्लेक्टर असतीलच असं नाही, तेव्हा या दिवसांत या भागात रात्री गाडी चालवू नका. वेळ असेल तर जवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. आम्ही लॉजवरच्या बादलीवर भागवलं. आणि एक, तोरणमाळला जाणार असाल तर डिझेल, हवा, पाणी सगळं शहाद्यातच बघून घ्या.

गुरुवार : सात पायरी

शहादा ते तोरणमाळ ५०-५५ किलोमीटर. म्हसावद, राणीपूर, मग जंगल, मग सातपुडा अंगावर यायला लागतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे, शहादा कुठे दीड-दोनशेवर, म्हणजे बाकं हजारभर मीटर उचलून वर न्यायची होती. शेवटच्या चढाचं नाव सात पायरी घाट. वरून बघितलं तर रस्ता खरंच एकावर एक पायऱ्यांसारखा दिसतो, खालून बघितलं तर वर ट्रक-जीप कुठल्या वळणावर आहे तेही कळत नाही.

राणीपूरच्या पुढे एका पावरा आदिवासी तरुणाने हात केला, हातात गोणी, वर तोरणमाळलाच जायचं होतं. बसवला. कमी बोलणारा, पण घाटातलं प्रत्येक वळण पाठ.

पायथ्याला मामांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पाच मिनिटं थांबलो, पाण्याचा काटा बघितला, एसी तर नव्हताच. मग म्हणाले आता ऐक, वर दिसतोय तो चढ कुठल्या गियरचा आहे हे इथून ठरव. मी म्हटलं तिसरा. ते म्हणाले सरळ तुकड्यात तिसरा, वळणाला दुसरा, आणि वळणात शिरायच्या आधी दुसरा, वळणात नाही.

यात सगळं आलं. चढावर गाडी थकल्यावर गियर उतरवायला गेलात तर क्लच दाबल्या क्षणी गाडीला पुढे नेणारं काही उरत नाही, रिकाम्या गाडीला दीड सेकंद चालून जातो, भरलेली गाडी तेवढ्यात पार मरते. मग ज्या गियरसाठी दाबला तो पण पुरत नाही आणि पहिल्यात यावं लागतं. म्हणून इंजिन अजून मजेत असतानाच, आवाज नुकता जाड व्हायला लागला की खाली. मामा फक्त दोन शब्द बोलत होते. "आते टाक." पहिल्या दोन वळणांना ते बोलल्यावर मी टाकला. तिसऱ्या वळणाला त्यांचं तोंड उघडायच्या आणि माझा हात दांड्यावर जायचा क्षण एकच झाला. त्याच्यानंतर ते बोलायचे बंद झाले आणि बाहेर बघायला लागले, आणि मला जो आनंद झाला तो काय सांगू. कानाला कळतं हो. आधी एक भरलेला सलग आवाज असतो, मग त्याच्यातले ठोके सुटे सुटे ऐकू यायला लागतात, ते सुटे व्हायच्या जरा आधी. १४०० की १५०० मला आजही माहीत नाही.

दुसरी चूक लोक करतात ती उलटी, वळण संपलं की लगेच तिसरा. चढ चालूच असेल तर तिसरा टाकून वेग पडतो आणि परत दुसरा. एका गियरमधे इंजिन आरामात ओढतंय तर राहू द्या की तिथेच, गाडी जरा ओरडेल, ओरडू द्या, काट्याकडे बघा, पाणी तापत नाही ना बस.

घाटाच्या वरच्या भागात एका वळणावर समोरून माणसांनी भरलेली जीप, टपावर पण माणसं, आणि ती थांबली नाही. खरंतर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समधे लिहिलेलं आहे, पण ते त्या जीपवाल्याला वळणावर थांबून वाचून कोण दाखवणार. आम्हाला चढावर पूर्ण थांबावं लागलं. दीड टनाच्या आसपास वजन, मागे दरी. आमचा पावरा दोस्त मी हँडब्रेक ओढायच्या आत दार उघडून खाली, आणि मागच्या चाकाखाली दगड. कोणी सांगितलं नव्हतं.

जीप गेली. मग पहिला गियर, हँडब्रेक वरच, क्लच हळूहळू वर, जिथे आवाज दबतो आणि बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं तिथे पाय थांबवायचा, ॲक्सिलरेटर थोडा, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे एक बोटही गेली नाही. दोस्ताने दगड उचलून कडेला टाकला, बरेच जण तो रस्त्यातच ठेवून जातात आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव जातो. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून उभं राहायचं मात्र अजिबात नाही, प्लेट जळायला मिनिटभर पुरतं आणि तो वास एकदा आला की खिसा हलका झालाच म्हणून समजा.

वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं. टर्बो चढावर लालभडक तापलेला असतो, एकदम बंद केलं तर त्याच्या बेअरिंगला तेल मिळायचं थांबतं.

बाकं उतरवायला शाळेची सगळी पोरं धावली. पंधरा मिनिटांत गाडी रिकामी, आणि लगेच एक बाक वर्गात नेऊन त्यावर सात जण बसलेले. सरांनी जेवायला थांबवलं, मक्याची भाकर, उडदाची डाळ, वर तिखट चटणी. साधं, पण त्या थंडीत काय लागलं म्हणून सांगू, मामांनी तिसरी भाकर मागून घेतली. संध्याकाळी यशवंत तलावावर गेलो, मग सीताखाई, पावसाळ्यात इथे धबधबा असतो, डिसेंबरात पाणी बारीक पण दरी तेवढीच. गोरखनाथाच्या देवळात आम्ही आणि पुजारी एवढेच होतो, महाशिवरात्रीला हीच जागा माणसांनी भरते. मोबाइलला रेंज येते आणि जाते, घरच्यांना शहाद्यातूनच सांगून ठेवा. उबदार कपडे जास्तीचे घ्या, माझं एक स्वेटर पुरलं नाही.

शुक्रवार : थंड गाडी, रिकामा उतार, लाल नंदुरबार

सकाळी काचेवर दव, हात बधिर. चावी फिरवल्यावर हीटरच्या कॉईलचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर, हे डिझेलवाल्यांना माहीत असतं. पण माहीत नसतं ते हे की थंडीत गियरबॉक्सचं तेल पण घट्ट झालेलं असतं. पहिल्यातून दुसरा पडेना, अडत होता, जोर लावला तर कर्र. मामांनी मला सरकायला लावलं आणि स्वतः बसले. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडला, परत दाबला, दुसरा. लोण्यासारखा. जुन्या बसच्या गियरबॉक्समधे दात आपोआप जुळत नसत, तेव्हा हा डबल क्लच रोजचाच होता, आता सिंक्रोमेश असतो म्हणून कोणी करत नाही. दोन-तीन किलोमीटरनंतर तेल गरम झालं आणि गियर नेहमीसारखे पडायला लागले, पण मामांनी दांडा काही परत दिला नाही, घाट त्यांनीच उतरवला. काल भरलेल्या गाडीने वळणाला दुसरा लागला होता, आज रिकाम्या गाडीला तिसरा चालला असता, त्यांनी तरी अवघड वळणांना दुसराच घेतला. म्हणाले घाई कोणाला आहे.

परतीचा रस्ता प्रकाशावरून, तापी-गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचं दर्शन घेतलं, याला दक्षिण काशी म्हणतात. मग नंदुरबार. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या सुरू झाल्या की जमीन दिसतच नाही, लालच लाल, बायका तोंडाला फडकी बांधून मिरच्या पसरवतायत, आणि काच बंद असूनही आम्ही दोघं शिंकतोय. शिंकताना गियर बदलू नये हा या प्रवासातला माझा स्वतःचा शोध. मेहुण्यांनी फोन करून दोन पोती मिरची आणायला सांगितली, रिकामी गाडी परत आणणं त्यांना पाप वाटतं. पथारीवरच्या एका मावशींनी मिरची कशी बघायची ते दाखवलं, देठ मोडून, बी हलवून, कुठे पांढरट डाग आहे का. मामांना म्हणाल्या, "बठा ना भाऊ, चहा लेवा." बसलो. चहात पण मिरची असल्यासारखं वाटत होतं.

बाजारातून निघताना बाल शिरीषकुमारचं स्मारक बघून या, ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रजांच्या गोळीबारात गेलेला शाळकरी पोरगा. तिथे मामा बराच वेळ उभे होते.

शनिवार : हिशोब

धुळ्यावरून सरळ चाळीसगाव, दुपारी घरी. मेहुणे दारातच वही घेऊन. टाकी फुल्ल टू फुल्ल भरून हिशोब काढला, तोरणमाळचा चढ धरून ॲव्हरेज बाराच्या जरा वर आलं. मेहुणे म्हणाले आधीच्या मालकाने चौदा सांगितलं होतं. मामा म्हणाले त्याने बाकं घेऊन सात पायरी चढली होती का?

तेवढ्यात लग्नाहून परतलेला ड्रायव्हर आला, विशीतला पोरगा, गॉगल वगैरे. मामांना त्याच्या हातात गाडी द्यायची इच्छा नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. मिरचीची पोती तशीच ठेवून त्याला म्हणाले चल एक चक्कर मारू, आणि दोघं गेले. अर्ध्या तासाने आले. पोरगा घामाघूम. मामा उतरले, दार लावलं, मेहुण्यांना म्हणाले क्लचवर पाय ठेवायची सवय आहे त्याला, ती मोड, नाहीतर सहा महिन्यांत प्लेट बदलशील. बाकी पोऱ्या बराबर शे, काच खाली करून चालवतो.